रस्ता आणखी वर चढवू नका: जुन्या ठाण्यातल्या गल्ल्यांसाठी अभियंत्यांना खुले पत्र

रस्ते, मलनिःसारण, पाणीपुरवठा आणि उद्यान विभागांतल्या अभियंत्यांना आणि अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

नौपाडा, चरई, खारकर आळी, उथळसर या जुन्या भागांतल्या गल्ल्यांचे रस्ते, पदपथ आणि मलवाहिन्या नव्याने करायच्या, असं गेले काही महिने कानावर येतंय. आमच्या गल्लीत चेंबरच्या झाकणांभोवती लाल रंगाच्या खुणाही दिसू लागल्या आहेत. काम व्हावं ही आमची जुनी मागणी आहे, त्यामुळे हे पत्र कामाच्या विरोधात नाही. पण काँक्रीट एकदा पडलं की पुढची पंचवीस-तीस वर्षं ते कुणी हलवत नाही. ते पडण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. रस्त्याची पातळी आजच्यापेक्षा एक इंचही वर जाऊ देऊ नका. जिथे जमेल तिथे ती खाली आणा.

मी नोकरीची सगळी वर्षं बांधकामाच्या साइटवर लेव्हल मशीन लावण्यात काढली, म्हणून माझं लक्ष आधी पातळीकडे जातं. आमच्या इमारतीला जोत्यावर चढायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या. आता एक उरली आहे, खालच्या दोन रस्त्याखाली गेल्या. शेजारच्या चाळीत तर रस्त्यावरून खोलीत जायला खाली उतरावं लागतं. असं एका रात्रीत झालेलं नाही. डांबराचा नवा थर टाकण्याआधी जुना थर खरवडून काढायचा असतो. तो खरवडला गेला नाही की दर खेपेला रस्ता दोन-तीन इंच वर येतो. गेल्या चाळीस वर्षांत आमच्या गल्लीत किती थर पडले ते मोजायचं असेल तर केबलसाठी खणलेल्या एखाद्या चरीच्या कडेला उभं राहा. काळे पट्टे स्पष्ट दिसतात, मधेमधे खडी.

याचा त्रास आधी तळमजल्याला होतो. पावसाचं पाणी रस्त्यावरून अंगणात आणि अंगणातून घरात येतं. त्याहून वाईट प्रकार जमिनीखाली चालतो. रस्त्यातल्या मलवाहिनीत पाणी तुंबलं की ते चेंबरमधून वर चढायला लागतं, आणि ज्या ठिकाणी सगळ्यात खालचं तोंड उघडं असेल तिथून बाहेर पडतं. रस्ता जोत्यापेक्षा खाली असेल तर ते तोंड म्हणजे रस्त्यातलं चेंबर. मैला रस्त्यावर येतो, लोक ओरडतात, गाडी येते, चोकअप निघतो. रस्ता जोत्याच्या वर गेला असेल तर ते तोंड म्हणजे तळमजल्यावरच्या घरातली न्हाणीची जाळी. मैला घरात येतो आणि रस्ता कोरडा दिसतो. आमच्या तळमजल्यावर ज्या आजी राहतात, त्या पावसाळ्यात न्हाणीच्या जाळीवर फडकं आणि त्यावर वाळूची पिशवी ठेवतात. हे त्यांच्या दिनक्रमात बसून गेलं आहे आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं.

आता काँक्रीटचा हिशोब करू. काँक्रीटच्या रस्त्यात खाली कोरड्या काँक्रीटचा थर असतो, साधारण चार ते सहा इंचांचा. त्यावर मुख्य थर आठ-दहा इंच. दोन्ही मिळून बारा ते सोळा इंच. एवढ्या जाडीचा खड्डा आधी पूर्ण खणून त्यात हा रस्ता बसवला तर पातळी आहे तिथेच राहते. खोदाई अर्धवट झाली, तर उरलेले सगळे इंच आमच्या दारात येतात. पातळ व्हाइट टॉपिंगचंही तेच. जुन्या डांबरावर चार ते आठ इंचांचा काँक्रीटचा थर देण्याची ती पद्धत घोडबंदर रोडसारख्या मोकळ्या रस्त्याला, जिथे दोन्ही बाजूंची दारं लांब आहेत, चालून जाईल. ज्या गल्लीत दुकानाचा उंबरा रस्त्याला चिकटलेला आहे, तिथे जुनं डांबर तेवढंच खरवडल्याशिवाय ती वापरू नये.

यावर तुमच्यातले अनुभवी अभियंते काय म्हणतील याची मला कल्पना आहे. रस्ता खाली घ्यायचा तर खाली केबल आहेत, गॅसची लाइन आहे, पाण्याची लाइन आहे. त्या उघड्या पडतील, हलवाव्या लागतील. चार वेगवेगळ्या यंत्रणांना एका वेळी एका गल्लीत आणणं किती अवघड असतं हे मी साइटवर अनुभवलं आहे, आणि माझ्या मते काम अडतं ते इथेच, पैशांवर नाही. पण एक लक्षात घ्या. या लाइनी टाकल्या गेल्या तेव्हा रस्ता आजच्यापेक्षा खाली होता. त्यांच्यावरचं मूळचं आवरण त्या पातळीपर्यंतचंच होतं. वर चढलेले डांबराचे थर काढले तर आपण फक्त मूळ पातळीवर परत येतो. सगळीकडे हे खरं ठरणार नाही, अलीकडे टाकलेल्या केबल उथळ असू शकतात. म्हणून निविदेआधी दर तीस-चाळीस मीटरवर एक चाचणी खड्डा घ्या. प्रत्येक लाइन किती खोल आहे ते हाताने मोजा. जुन्या नकाशांवर विसंबू नका, जुन्या भागात ते बहुतेक वेळा प्रत्यक्षाशी जुळत नाहीत.

खरवडून निघालेलं डांबर टाकायचं कुठे, हा प्रश्नही निघेल. ते राडारोडा म्हणून खाडीकिनारी टाकायची गरज नाही, नव्या मिश्रणात ठरावीक प्रमाणात ते पुन्हा वापरता येतं.

जमिनीखालचं काम आधी आणि रस्ता शेवटी, हे सांगायलाही नको. तरी सांगतो, कारण जमिनीखाली काय आहे त्याचा विचार आमच्या भागात वेगळा करावा लागेल. ठाणं जुनं शहर. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली. इथली नगरपालिका 1863 ची, महानगरपालिका 1982 ची. स्टेशन, तलावपाळी, जांभळी नाका यांच्या आसपासच्या आळ्या वाड्यांच्या आणि बैठ्या घरांच्या हिशोबाने वसल्या. मग तीन-चार मजली इमारती आल्या. आता त्यांचा पुनर्विकास होऊन टॉवर येताहेत. गल्लीची रुंदी तेवढीच आणि पुष्कळ ठिकाणी खालचा पाइपही तोच.

साधा हिशोब मांडतो. केंद्राच्या मलनिःसारण पुस्तिकेत शहरी माणसामागे दिवसाला 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के मलवाहिनीत जातं असं धरतात, म्हणजे माणशी 108 लिटर. सोळा कुटुंबांची जुनी इमारत, घरटी चार माणसं, तर दिवसाला सात हजार लिटरच्या आत-बाहेर. त्याच प्लॉटवर सत्तर फ्लॅट उभे राहिले की तीस हजार लिटरच्या वर. अशा चार-पाच इमारती एका गल्लीत झाल्या की सहा इंची पाइपाला दोष देऊन उपयोग नाही. म्हणून नव्या वाहिनीचा व्यास आजच्या लोकसंख्येवर ठरवू नका. ज्या प्लॉटवर पुनर्विकासाची परवानगी दिली आहे किंवा अर्ज आला आहे, त्यांची यादी नगररचना विभागाकडे आहे. ती मागवून घ्या.

पाइप मोठा टाकला म्हणजे झालं, असंही नाही. मलवाहिनी उतारावर चालते, आणि दिवसातून एकदा तरी प्रवाहाचा वेग सेकंदाला 0.6 मीटरपर्यंत जायला हवा, तरच घाण तळाशी न बसता वाहून जाते. सपाट भागात मोठा पाइप कमी उतारावर टाकला तर त्यात पाण्याची पातळ धार राहते आणि गाळ बसतो. खाडीजवळच्या सखल भागात उतार मिळवणं कठीण असतं. तिथे एकेक सेंटिमीटर महत्त्वाचा. लेव्हल बांबूने आणि डोळ्याने घेतली, पाइपाखालची खडी नीट कुटली नाही, तर पुढे पाइप मधेच खचतो आणि त्या खचलेल्या भागात कायमचं पाणी साचतं. चर बुजवण्याआधी दोन चेंबरच्या मधला उतार मशीन लावून तपासा आणि पाइपातून कॅमेरा फिरवून घ्या. बुजवल्यानंतर तपासण्यात फार अर्थ उरत नाही.

मुख्य वाहिनी नवी आणि इमारतीतून येणारी जोडणी जुनीच, असं नेहमी होतं. आमच्या भागातल्या जोडण्या भाजलेल्या मातीच्या पाइपांच्या आहेत, सांधे सुटलेले, आत पिंपळाची मुळं. नव्या काँक्रीटखाली हा पाइप फुटला की काँक्रीट फोडावं लागणार. म्हणून जोडणी इमारतीच्या शेवटच्या चेंबरपर्यंत नवी करा, आणि ती निविदेत स्वतंत्र बाब म्हणून लिहा, नाहीतर ठेकेदार ती करणार नाही. काही जुन्या इमारतींत सेप्टिक टँक अजून आहेत, भरलेले, कुणी न उघडलेले. वाहिनी दारात येत असेल तर ते उपसून बंद करायला हवेत.

पावसाचं पाणी आणि मैल्याचं पाणी वेगळं ठेवणं हे कागदावर सगळ्यांना मान्य आहे. गल्लीत तसं नसतं. गच्चीवरचे पाइप मलवाहिनीत सोडलेले असतात, पावसाळ्यात ती त्यामुळेच भरून वाहते. उलट काही ठिकाणी सांडपाणी सरळ पावसाळी गटारात जातं, तिथून नाल्यात आणि नाल्यातून ठाण्याच्या खाडीत. त्या खाडीचा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 2022 मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. आपल्या न्हाणीघरातलं पाणी तिथे न सोडणं ही किमान लाज आपण बाळगावी. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी नाल्यांच्या तोंडाशी चढलेलं असतं, आतलं पाणी बाहेर पडत नाही, आणि त्याच तासात मोठा पाऊस झाला तर वंदना टॉकीजच्या परिसरात आणि चिखलवाडीत काय होतं हे ठाणेकराला नव्याने सांगायला नको. त्या सखल जागांकडे पाणी ढकलणाऱ्या वरच्या गल्ल्या कोणत्या, हे पातळ्या मोजल्यावरच कळेल. एका गल्लीचा रस्ता उंच केला की तिथलं पाणी जातं कुठे? शेजारच्या गल्लीत. म्हणून पातळ्यांचा आराखडा गल्लीचा नको, पाणी उतरतं त्या सगळ्या भागाचा मिळून हवा.

पाण्याच्या लाइनीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे पाणी ठरावीक तासांनीच येतं. ते बंद झालं की नळात दाब राहत नाही, आणि बाजूला फुटकी मलवाहिनी असेल तर गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. सकाळी पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी येतं त्याचं हे एक कारण. गल्ली उघडी आहे तोवर पाण्याची लाइनही बदला, ती मलवाहिनीच्या वर आणि शक्य तितकी लांब ठेवा. केबलसाठी रस्त्याच्या कडेने डक्ट आणि ठरावीक अंतरावर रस्ता ओलांडणारे रिकामे पाइप आत्ताच टाकून ठेवा. नाहीतर नव्या रस्त्याला पहिला कटर सहा महिन्यांत लागेल.

एक बाब मला मनापासून लागते, म्हणून वेगळी लिहितो. सुरक्षा साधनांशिवाय मलवाहिनी साफ करायला माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलवाहिनीतल्या मृत्यूसाठी किमान तीस लाख रुपयांची भरपाई ठरवली. पण चेंबर अरुंद बांधलं, वळणावर चेंबर दिलंच नाही, झाकण डांबराखाली गाडलं गेलं किंवा गल्लीच्या तोंडाशी जेटिंगची (दाबाने पाणी सोडून वाहिनी साफ करणारी) गाडी वळतच नसली, तर आणीबाणीच्या वेळी कुणीतरी कुणाला तरी आत उतरायला सांगतं. आत माणूस उतरण्याची वेळ येऊ नये, ही सोय बांधतानाच करायची असते. दोन चेंबरमधलं अंतर तीस मीटरच्या आत, प्रत्येक वळणावर आणि जोडणीवर चेंबर, झाकणं रस्त्याच्या पातळीला अचूक बसवलेली, आणि यंत्राची नळी प्रत्येक चेंबरपर्यंत पोहोचेल अशी जागा. नकाशा मंजूर करणाऱ्याने सही करण्याआधी या एका मुद्द्यावर तो पुन्हा पाहावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता पदपथ. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेच्या दगडाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गोखले रोड, राम मारुती रोड यांसारख्या रस्त्यांवर हे करता येईल आणि करायलाच हवं. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना हे बसणार नाही. मग काय होतं, दोन्हीकडे दोन-दोन फुटांच्या पट्ट्या निघतात, त्यांत विजेचा खांब, विजेची डीपी पेटी, दुचाकी, आणि माणूस रस्त्यावर. त्यापेक्षा एकाच बाजूला नीट चालता येईल असा पदपथ करा. तेही जमत नसेल अशा अगदी अरुंद गल्लीत पदपथ करूच नका, सगळा रस्ता एका पातळीवर ठेवा, गाड्यांचा वेग कमी करा आणि एका बाजूचं पार्किंग काढा. हे मत सगळ्यांना पटणार नाही, माझ्या सोसायटीतही पटलेलं नाही. पण वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला दर दहा पावलांवर चढ-उतार असलेल्या पदपथापेक्षा सलग सपाट रस्ता बरा.

पदपथ जिथे होईल तिथे तो प्रत्येक गेटपाशी खाली उतरवू नका. गाडीने चढावं, माणसाने उतरू नये. पेव्हर ब्लॉकना माझी हरकत नाही, उलट पदपथावर ते काँक्रीटपेक्षा बरे, पाणी थोडं मुरतं आणि उघडून परत बसवता येतात. फक्त खालची वाळू धुऊन जाऊ नये म्हणून दोन्ही कडा पक्क्या बांधून घ्या. झाडांच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवा. मुळं तोडून चर नेली की झाड लगेच मरत नाही, पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याने पडतं, आणि मग म्हणतात झाड धोकादायक होतं. भाजीवाल्या बायका आणि फुलवाले यांच्या जागा आराखड्यातच आखा. रस्ता त्यांचाही आहे, आणि जागा आखल्या नाहीत तरी ते पदपथावर बसणारच आहेत.

वेळापत्रकाबद्दल: पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंत सात-आठ महिने हातात असतात. एका वेळी आख्खा नौपाडा खणू नका. एक गल्ली उघडली की खालचं सगळं काम संपवून ती बंद करा, मग पुढची. काँक्रीट पडल्यावर किमान चौदा दिवस ते ओलं राहायला हवं आणि पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात घाईने ओतलेलं काँक्रीट पहिल्या पावसात तडे दाखवतं. एप्रिलच्या मध्यापर्यंत जमिनीखालचं काम झालं नसेल तर त्या गल्लीत त्या वर्षी काँक्रीट टाकूच नका, खडी-डांबराचा तात्पुरता थर द्या आणि पावसाळ्यात चर खचू द्या. खचायची ती काँक्रीटखाली न खचता तेव्हाच खचेल.

या सगळ्याची खातरजमा नागरिकाला करता यावी, यासाठी एक सोपी पद्धत आहे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक इमारतीच्या भिंतीवर, तुमच्या आणि आमच्या माणसांसमोर, तीन आडव्या रेघा रंगवा. एक जोत्याची, एक आजच्या रस्त्याची आणि एक नव्या रस्त्याची. शेजारी आकडे लिहा. नव्या रस्त्याची रेघ आजच्या रेघेच्या वर जात असेल तर त्याच दिवशी बोलता येईल, काँक्रीट पडल्यावर नाही. मोजमाप पुस्तिकेत खोदाईची खोली लिहिली जातेच, ती भिंतीवरच्या रेघेशी कुणीही ताडून पाहील. काम संपल्यावर प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनींचा नकाशा, चेंबरच्या पातळ्यांसह, प्रभाग कार्यालयात सर्वांना बघायला ठेवा. ठेकेदाराचं नाव, दोष दायित्वाचा कालावधी (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करायचा) आणि तो संपण्याची तारीख गल्लीच्या तोंडाशी फलकावर लिहा.

आमच्याकडूनही काही व्हायला हवं. गच्चीचे पाइप मलवाहिनीतून काढून गटाराकडे वळवायचा खर्च सोसायट्यांनी करायला हवा. गेटबाहेर रस्त्यावर बांधलेले उतार आम्ही आपणहून काढायला हवेत. कामाच्या दिवसांत गाड्या गावदेवी मैदानाच्या वाहनतळावर किंवा आणखी कुठे लावायला लागतील, त्याची कुरकूर करू नये. आमच्या गल्लीतल्या सोसायट्यांशी मी बोललो आहे, बहुतेक तयार आहेत. प्रत्येक इमारतीच्या शेवटच्या चेंबरची जागा आणि खोली मोजून एका कागदावर मांडायचं कामही आम्ही सुरू केलं आहे, चाळीचं मोजमाप तेवढं बाकी आहे. तुमचा कनिष्ठ अभियंता लेव्हल मशीन घेऊन येईल त्या दिवशी तो कागद त्याच्या हातात देऊ, आणि पातळी मोजायची उभी पट्टी (स्टाफ) धरायला मी स्वतः उभा राहीन. फक्त यायच्या आधी एक दिवस गेटवर सूचना लावा, म्हणजे तळमजल्यावरची सगळी माणसं घरी थांबतील.

आपला,
नौपाड्यातला एक रहिवासी
ठाणे